शिवलेली बाटली

गावाचं नाव मी सांगणार नाही. प्रकरण अजून चालू आहे, आणि जिथे बोलायची गरज नाही तिथे तोंड मिटावं, एवढं तरी कायद्याच्या पुस्तकांनी मला शिकवलं आहे. पारनेर तालुक्यातलं एक गाव, आणि गावाबाहेर ओढ्याकाठी पंधरा-वीस घरांची वस्ती, एवढं पुरे. त्या वस्तीने मला आठ दिवस पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. त्या बदल्यात मी तिथे एक मोठी चूक केली, आणि ती निस्तरली माझ्याच यजमानीणबाईंनी. तेव्हा हे प्रवासवर्णन कमी आणि आभाराची चिठ्ठी जास्त आहे.

आधी मी कोण ते सांगते. पुण्यात मी कायदा आणि पर्यावरणशास्त्र अशी जोडपदवी करते. पाच वर्षांत दोन्ही. सकाळी करार, पुरावा, साक्ष. दुपारी प्रयोगशाळेत गढूळ पाण्याच्या नळ्या. घर गुहागरजवळ. हा अभ्यास घेतेय असं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाबा सुपारी सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "एक ना धड, भाराभर चिंध्या." मी तेव्हा फणकारले होते. पण चौथ्या वर्षापर्यंत मलाही तसंच वाटायला लागलं होतं. कायद्याच्या वर्गात मी 'ती पाणीवाली' आणि प्रयोगशाळेत 'वकीलबाई'.

संक्रांत झाल्यावर आमच्या कायद्याच्या सरांनी बोलावलं. आमच्या कॉलेजच्या विधी साहाय्य केंद्राकडे या वस्तीचा अर्ज आला होता. ओढ्याच्या वरच्या अंगाला कोंबड्यांची मोठी शेड झाली, ती धुतलेलं घाण पाणी ओढ्यात सुटतं, ओढ्यालगतच्या विहिरीचं पाणी नासलं, असं त्यांचं म्हणणं. शेडच्या मालकाने पाणी उत्तम असल्याचा अहवाल आधीच दाखल केला होता. त्याची बाटली कोणी भरली, कुठे भरली, कोणासमोर भरली, कशाचाच पत्ता नाही. येत्या सोमवारी प्रांतसाहेबांसमोर सुनावणी होती.

सर म्हणाले, "वस्तीच्या वतीने नमुना घेऊन ये. असा आण की शास्त्रज्ञाला त्यात खोट सापडू नये आणि वकिलालाही. हे काम तुझंच आहे."

मी एवढी फुगले की पिशवीत दुसरा स्वेटर टाकायलाही विसरले.

सुपे, म्हणजे केडगाव

एसटीच्या तिकिटावर अहिल्यानगर छापलेलं होतं आणि कंडक्टरच्या तोंडी नगर होतं. मला उतरायचं होतं अलीकडे, सुप्याला. शिरूरनंतर डोळा लागला आणि जाग आली ती "केडगाव, केडगाव" या आरोळीने. म्हणजे गाव मागे टाकून मी नगरच्या उंबऱ्यावर पोचले होते. मांडीवर पाण्याचे नमुने घ्यायची पेटी, आत प्रयोगशाळेने निर्जंतुक करून दिलेल्या दोन काचेच्या बाटल्या, एक वापरायची आणि एक राखीव, आणि मी रस्त्याकडेला भोकाड पसरायच्या बेतात.

पेरू विकणाऱ्या एका बाईंनी चौकशी केली. "सुपं लई मागं राह्यलं की ताई," असं म्हणून त्यांनी हात करून पशुखाद्याचा एक टेम्पो थांबवला आणि मला ड्रायव्हरशेजारी कोंबलं. आमच्याकडे अनोळखी माणसाला आधी 'कुणाची कोण' ते विचारतात. इथे आधी बसवून घेतात, मग वाटभर विचारतात. सुप्यापर्यंत त्या ड्रायव्हरला माझ्या बाबांच्या सुपारीच्या बागेचा भावसुद्धा कळला होता.

"म्हंजी तुमी वकील व्हनार का पान्याच्या डॉक्टर?" त्याने विचारलं.

"दोन्ही."

"मग आजारी बी तुमीच ठरवनार आन् शिक्षा बी तुमीच देनार व्हय?" तो खदखदून हसला. त्याने मला थेट वस्तीवर नेऊन सोडलं.

वस्ती

माझी सोय जैनबी चाचींकडे होती. साठीच्या पुढच्या, किरकोळ अंगाच्या, आवाज मात्र भरदार. घर गादीवाल्यांचं. मुलगा सलीम मोटारसायकलवरून गावोगाव फिरून कापूस पिंजून देतो आणि गाद्या शिवायचं काम चाचींचं. ओसरीभर कापूस. दारात पाय ठेवला की शिंक, आणि शिंक आली की आतून "अल्ला भलं करो" असा आवाज येणार हे ठरलेलं.

चाचींचं माहेर पुणतांब्याचं. तिथे गोदावरीला गंगा म्हणतात. "मायेरी दारात गंगा, आन् सासरी टँकरची वाट," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. पाण्याच्या बाबतीत त्यांचं नाक फार तिखट. त्यांची चार वर्षांची नात नाझिया गेल्या पावसाळ्यापासून दोनदा सलाईनवर होती. दुसऱ्या खेपेनंतर चाचींनी विहिरीचं पाणी प्यायचं बंद करून टाकलं. प्यायला दुकानातला जार आणायचा आणि विहिरीचं पाणी फक्त धुण्याभांड्याला. ज्यांना जार परवडत नव्हता ते विहिरीचंच पीत होते. "माझ्या नातीपुरतं भागलं. बाकीच्या लेकरांचं काय?" हे त्या सारखं म्हणायच्या.

जेवणाचं काय सांगू! पहिल्या दिवशी हुलग्याची शेंगोळी. मला नावही माहीत नव्हतं. पिठाची वळलेली वेटोळी लसणाच्या रश्शात रटरटत होती, वर कच्चं तेल. माझ्या नाकातून पाणी आलं आणि तरी मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. चहा तर दुधाचाच. आमच्याकडे चहाला दूध लागलं की ते इतकं जपून घालतात की चहा लाजल्यासारखा होतो. इथे दुधात चहा जपून घालतात.

वस्तीच्या तोंडाशीच दूध संकलन केंद्र. ते चालवणारे भाऊसाहेब वस्तीच्या अर्जावर पहिली सही करणारे. त्यांनी मला शेतात नेऊन हुरडा खायला घातला आणि खाता खाता माझी परीक्षा घेतली.

"नमुना कसा घेनार?"

मी सांगितलं. बाटली निर्जंतुक, तोंडाला बोट लावायचं नाही, पृष्ठभागाखालचं पाणी घ्यायचं, लगेच गार करायचं, एका दिवसात प्रयोगशाळेत पोचवायचं.

"बराबर. आमी बी दूध ढवळल्याबिगर नमुना घेत न्हाई. वरचं घेतलं तर निस्ती साय लागती हाताला." मग हसून म्हणाले, "जलम गेला दुधात पानी हाय का बघन्यात. आता पान्यात काय हाय ते बघू."

विहीर पाहिली आणि आमच्या घरची विहीर आठवली. रहाट, पाणी साठवायची शेवाळलेली दगडी डोणी, हात घातला की लागणारं पाणी. इथे पाणी खोल, त्याच्यावर पिवळट झाक, आणि कठड्याशी वाकलं की वास. मी दोन वर्षं अशा पाण्याचे आकडे लिहिले आहेत. पण ते पाणी भरणाऱ्या बाईशेजारी उभं राहून वाकले ते पहिल्यांदाच.

कढीपत्त्याचं झाड

मंगळवारी संध्याकाळी मी पहिला नमुना घेतला. शास्त्राप्रमाणे अगदी चोख. राहिला कायदा. पंचांच्या सह्या आणि मोहोर ग्रामसेवकांसमोर करायची होती आणि ग्रामसेवक निरोप पाठवून मोकळे झाले, "उद्या सकाळी येतो." मी म्हटलं, ठीक आहे, पाणी एक दिवस टिकतं. बाटलीवर चिठ्ठी चिकटवली, 'नमुना १, विहीर', आणि ती चाचींच्या फ्रीजमध्ये ठेवून दिली. चाची दुपारपासून शेजारच्या गावी गादी पोचवायला गेल्या होत्या. त्या परतल्या तेव्हा मी दमून झोपले होते.

सकाळी उठले, फ्रीज उघडला. बाटली जागेवर होती. पाणी मात्र लख्ख होतं.

मी बाटली काढून उजेडात धरली. तेवढ्यात चाची चहा घेऊन आल्या. "पोरी, एक बोलू? तू भिडंपायी आमच्या हिरीचं पानी पितीस व्हय? बाटलीत बघितलं, घान पिवळं पानी. म्हनलं लोकाची लेक, इथं आजारी पडली तर तिच्या आईला काय त्वांड दावू? ओतून दिलं त्या कढीपत्त्याला. बाटली घासली आन् जारचं भरून ठिवलं."

मी मटकन खाली बसले. बाटली नमुन्याची होती हे त्यांना कळणार कसं? ग्रामसेवक उद्या येणार म्हणजे नमुना उद्या घेणार, असं त्यांनी धरलेलं. चिठ्ठी होती, पण चाचींना वाचता येतं का, हे मी दोन दिवसांत विचारलंच नव्हतं. माझ्या तोंडून खरी गोष्ट कळली तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण तो कोणावर काढणार? मोहोर न करता बाटली सोडणारी मीच. बाबांच्या चिंध्या डोळ्यांपुढे नाचत होत्या.

"दुसरी बाटली हाय का?" चाचींनी विचारलं.

"राखीव एकच उरली आहे."

"मग ऊठ की."

पुढचे दोन तास मला आयुष्यभर आठवतील. भाऊसाहेबांनी ग्रामसेवकांना गाडीवर घालून आणलं. विहिरीवर अख्खी वस्ती जमली. मी बाटली दोरीने सोडली, खालचं पाणी घेतलं, बूच लावलं. भाऊसाहेब आणि चाची पंच. सही भाऊसाहेबांची, अंगठा चाचींचा. मग मी लाखेची कांडी काढली, तर चाची म्हणाल्या, "थांब. निस्ती लाख काय कामाची? सुरीच्या टोकानं निघंल." त्या घरातून मांजरपाटाचा तुकडा आणि दाभण घेऊन आल्या, कठड्याला टेकून बसल्या आणि सगळ्यांच्या देखत बाटलीभोवती कापड शिवून टाकलं. गाठींवर मी लाख टाकली, ग्रामसेवकांनी मोहोर उठवली. भाऊसाहेबांनी केंद्राच्या फ्रीजमधला सगळा बर्फ डब्यात ओतला आणि सलीमने डबा पुढ्यात घेऊन नगरच्या प्रयोगशाळेकडे मोटारसायकल पिटाळली. मी मागे बसले होते, कापसाच्या पोत्यावर.

पंचनामा मीच लिहिला. सुरुवात बुधवारच्या सकाळपासून केली. मंगळवारची बाटली गाळली. ती हिशेबात धरायचीच नाही, असं मी स्वतःला समजावलं. चाचींची शोभा नको, हेही एक कारण होतं. पण खरं कारण माझी स्वतःची शोभा हे होतं.

पारनेर

अहवाल शनिवारी आला. पाणी पिण्यास अयोग्य. खाली शेरा होता की पार्सल थंड अवस्थेत, शिवण आणि मोहोर शाबूत असताना मिळालं. प्रयोगशाळेने कापड एका बाजूने कापून, शिवण तशीच ठेवून परत दिलं होतं. वाईट अहवालाने एवढा आनंद व्हावा याची मला थोडी लाजही वाटली.

सोमवारी पारनेरच्या कचेरीत आम्ही सगळे टेम्पो करून गेलो. बाजाराचा गलका, कांद्याच्या रोपांच्या जुड्या, आणि कचेरीबाहेरच्या हॉटेलात गरमागरम भजी. माझ्या घशाखाली एक उतरलं नाही.

शेडमालकाचे वकील वयस्कर होते आणि फार नम्र. ते नम्रपणेच म्हणाले, "साहेब, कागदावर नमुना बुधवारचा आहे. गावात मात्र सगळे म्हणतात, मुलीने मंगळवारी संध्याकाळी बाटली भरली. त्या बाटलीचं काय झालं, एवढंच मला विचारायचं आहे."

प्रांतसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आमचे सर पुण्याहून आले होते, त्यांनीही पाहिलं. त्यांना मी सांगितलं नव्हतं. सगळ्या वस्तीची विहीर माझ्या एका गाळलेल्या ओळीत बुडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "साहेब, त्या पोरीला इचारू नका. मंगळवारची बाटली मी ओतली."

चाची पुढे आल्या. प्रांतसाहेबांनी विचारलं, "का ओतली?"

"पाव्हनी हाय ती. मला वाटलं तिच्या प्यायाचं पानी हाय. असलं घान पानी पाव्हनीला कसं पिऊ देऊ? ओतलं कढीपत्त्याला आन् जारचं भरलं."

वकील हसले. "म्हणजे बाटलीतलं पाणी सहज बदलता येतं, हे यांच्याच पंच सांगतायत."

"येतं की," चाची म्हणाल्या. "शिवलेली नसली तर कुनीबी बदलंल. म्हनून तर दुसरी मी शिवली." त्यांनी टेबलावरचं मांजरपाट उचललं आणि वकिलांपुढे धरलं. "ह्यो टाका बघा. दर चौथ्या टाक्याला आत उलटी गाठ हाय. माझ्या सासूनं शिकवलेली. गिऱ्हाइकाच्या गादीतला कापूस मधल्यामधी कुनी काढला तर कळावं म्हनून. उसवली की गाठ तुटती, परत बसत न्हाई. ह्यो घ्या दाभन. उसवा आन् परत घालून दावा."

वकिलांनी दाभण हातात घेतला नाही.

चाची परत प्रांतसाहेबांकडे वळल्या. "आन् साहेब, पानी घान हाय हे मला कागद यायच्या आदी कळलं हुतं. म्हनून तर ओतलं."

मग प्रांतसाहेबांनी वकिलांना विचारलं, "तुमच्या अशिलाने दिलेल्या बाटलीला शिवण होती? मोहोर? पंच?" वकिलांनी कागद चाळले, आणि चाळतच राहिले.

शेडचं पाणी ओढ्यात सोडणं त्याच दिवशी थांबवलं गेलं. सरकारी नमुना घेण्याचा आणि तोवर वस्तीला प्यायचं पाणी पुरवण्याचा आदेश निघाला. उठता उठता प्रांतसाहेब मला म्हणाले, "मंगळवारची बाटली पंचनाम्यात का नाही?"

"चुकलं, साहेब."

"वकील व्हायचंय ना? मग या बाईंसारखं बोलायला शिका."

बाहेर आल्यावर मी चाचींच्या गळ्यात पडून रडले, भर बाजारात. त्या म्हणाल्या, "गप. भजी गार व्हतील." त्या दिवशी मी दोन प्लेटी खाल्ल्या. सरांनी मला काहीच बोल लावला नाही. फक्त परतीच्या बसमध्ये म्हणाले, "पुराव्याचा तास आज तू घेतलास की त्यांनी?"

पुणे

एप्रिलच्या शेवटी सलीम कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मोटारसायकलवर बर्फाचा तोच डबा. वस्तीने मिळून विहीर उपसली होती, गाळ काढला होता, औषध टाकलं होतं. डब्यात एक बाटली, मांजरपाटात शिवलेली, गाठींवर लाख. त्याने फोन लावून माझ्या हातात दिला.

"पोरी, हिरीचं हाय," चाची म्हणाल्या. "आदी तपास, मगच पी. आन् या खेपंला मी कायबी ओतलं न्हाई हं!"

मी आधी टाका तपासला. दर चौथ्याला उलटी गाठ होती. मग कापड एका बाजूने कापलं, प्रयोगशाळेत बसून पाणी तपासणीला लावलं आणि उरलेलं फ्रीजमध्ये ठेवलं, या वेळी वर मोठ्ठी सूचना लिहून. निकाल यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मला धड झोप नव्हती.

निकाल चांगला आला. मी चाचींना फोन केला, तर पलीकडून आधी नाझियाचाच आवाज ऐकू आला, ती पाणी मागत होती. "हिरीचं देऊ का?" चाचींनी मला विचारलं.

"द्या," मी म्हटलं, आणि उरलेली बाटली उघडून इकडे मीही प्याले.